कप्तान मुक्ताचं उत्तर

रविवार, १४ जून २००९

रोज लिहिणार नाही. लिहिण्यासारखं असेल तेव्हाच लिहीन.

सकाळी तनयाचा बंगळूरहून फोन. ही मुलगी कंपनीत लागल्यापासून फोनवर 'कशी आहेस' वगैरे विचारत नाही, थेट मुद्द्यावर येते. कुणावर गेली आहे कोण जाणे.

"आई, बाबांची मालिका यूट्यूबवर आलीय! कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून टाकलीय."

मी फोन ह्यांच्या कानाला लावला. जानेवारीत झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात कमजोर आहे आणि बोलणं जवळजवळ गेलं आहे. समजतं सगळं. पेपर वाचतात, अग्रलेखावर नाकही मुरडतात. पण शब्द म्हणून सापडत नाही. 'हो', 'नाही' आणि 'अगं' एवढ्यावर आमचा संसार चालला आहे.

तनया काय सांगतेय ते ऐकलं आणि ह्यांनी मान फिरवली. खिडकीबाहेर बघत राहिले.

मालिकेचं नाव 'ध्रुवस्थानक'. शहाऐंशी साली टीव्हीवर लागायची. वेधशाळेतली नोकरी सांभाळून ह्यांनी लिहिली होती. मराठीत अवकाशयान! कर्वेनगरला तेव्हा शेतं होती. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांनी आणि चार उत्साही माणसांनी अख्खं अंतराळ उभं केलं होतं. पुढे प्रायोजक मिळेना. निर्मात्याने हात वर केले आणि मालिका मध्येच बंद पडली. त्यानंतर ह्यांनी काही लिहिलं नाही. मग केबल आली, पन्नास चॅनेल आली, आणि लोक विसरले.

मी शाळेत पर्यवेक्षिका होते तेव्हा. मालिकेच्या वेळेला घरात पेपरांचे गठ्ठे तपासत बसलेली असायचे. सलग असा एकही भाग पाहिलेला नाही.

आता पाहू.


बुधवार, १७ जून

पहिला भाग पाहिला. सुरू होतानाच नेट बंद पडलं. चमच्याच्या दांड्याने मॉडेमवर दोनदा टकटक केलं, लागलं.

चित्र पांढरट आहे, पण काय सुंदर लिहिलंय! पृथ्वीपासून फार दूर एक स्थानक, त्यावर राहिलेली सात-आठ माणसं (मालिकेत त्यांना खलाशी म्हणतात), आणि खालून संदेश येणं बंद झालेलं. कुठे आरडाओरडा नाही, मारामारी नाही. माणसं एकमेकांशी बोलतात. वेधशाळेतल्या माणसाने हे रविवारी सकाळी, मी पोहे करत असताना लिहिलं, याचा मला आज फार अभिमान वाटला. ह्यांना तसं सांगितलं. ह्यांनी हात झटकला.

एक गोष्ट मात्र पटली नाही. स्थानकाची कप्तान, मुक्ता. इतकी आखडू बाई असते का कुठे? कुणी प्रश्न विचारला की आधी प्रश्नातलं व्याकरण सुधारते. आणि यंत्र बंद पडलं की पेनच्या टोपणाने त्यावर टकटक करते! अशाने कुठे यंत्रं चालू होतात?

खाली लोकांचे अभिप्राय होते. 'चाळणीबहाद्दर' अशा नावाच्या कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, की हेल्मेटला चहाची गाळणी लावलीय, हा हा हा. तनयाने मला मराठी टंकलेखन शिकवून ठेवलंच आहे. मी उत्तर दिलं :

'ती गाळणी नसून पुरणयंत्राची जाळी आहे. पुरणयंत्र माझं होतं. आधी माहिती घ्यावी, मग हसावं. — हेमा आगाशे, निवृत्त मुख्याध्यापिका, कोथरूड.'


शनिवार, २० जून

माझ्या उत्तराखाली पंचवीसेक लोकांनी लिहिलंय. एकाने विचारलं, 'काकू, कप्तान मुक्ता तुम्हीच का?' मी कळवलं की मी नटी नाही, कप्तानाचं काम करणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या आणि त्या आता हयात नाहीत. आणि 'तुम्हीच'मधला 'च' अनावश्यक आहे. त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. कारण समजलं नाही.

चाळणीबहाद्दराने मात्र माफी मागितली. लिहितो, 'लहानपणी वाशीमला शेजारच्यांकडे जाऊन बघायचो. प्रेमाने हसलो होतो.'

प्रेमाने हसला असेल तर ठीक.

आता असं ठरवलं आहे, दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी चहानंतर एक भाग पाहायचा आणि मग मी खाली चार ओळी लिहायच्या. पडद्यामागचं जे मला ठाऊक आहे ते. लोक वाट बघतात म्हणे.


मंगळवार, ७ जुलै

शनिवारचा राहिलेला भाग आज लावला होता, तो चालू असतानाच स्पीच थेरपीला येणारी प्रियदर्शनी आली. मूळची अकोल्याची, कर्वेनगरला खोली घेऊन राहते. गोड मुलगी, पण हट्टी. मी पडद्याकडे बघत होते, ती ह्यांच्या तोंडाकडे.

"काकू, बघा ना! काका संवाद म्हणतायत."

खरंच. ओठ हलत होते. पडद्यावरचा खलाशी बोलायच्या किंचित आधी ह्यांचे ओठ हलायचे. तेवीस वर्षांनी!

प्रियदर्शनी म्हणाली, पाठ असलेलं वाक्य मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, तीच वाट आपण वापरायची. संवादाच्या मध्ये चित्र थांबवायचं आणि पुढचं ह्यांना म्हणू द्यायचं. लगेच करून पाहिलं. खलाशी म्हणतो, "कप्तान, खालून काही..." आणि तिने थांबवलं.

हे बघत राहिले. तोंड उघडलं. घसा हलला.

"उत्तर नाही," मी म्हटलं.

"काकू!"

"अहो, तेच वाक्य आहे. मागच्या भागातही आहे."

"वाक्य बरोबर आहे, काकू. पण ते त्यांना म्हणायचं आहे. तुम्ही थांबायचं."

पुन्हा केलं. मी पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा तिने मला स्वयंपाकघरात पाठवलं. माझ्याच घरात! गॅसपाशी उभी होते तेव्हा आतून ह्यांचा आवाज आला. घोगरा, तुटका, पण त्यांचाच.

"उत्तर... नाही."

सहा महिन्यांत ऐकलेलं पहिलं वाक्य. दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं.


रविवार, १९ जुलै

चाळणीबहाद्दर घरी येऊन गेला. खरं नाव दिग्विजय. तिशीचा असेल, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोटरसायकलवरून आला आणि दारातच ह्यांच्या पाया पडला. हे इतके गोंधळले की त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून तसेच उभे राहिले.

"काका, मी तुमच्यामुळे इंजिनियर झालो," म्हणाला. "आमच्या गल्लीत एकच टीव्ही. आम्ही पोरं ओट्यावर बसून खिडकीतून बघायचो. कप्तान मुक्ता मशीन उघडायची ना, मला वाटायचं, आपल्यालाही जमेल."

हे खाली बघत होते.

मग त्याने विचारलं, "काका, शेवटी काय झालं? कप्तानाला खालून संदेश येतो, 'परत या'. ती वाचते, वळते, आणि आमची लाईट गेली. पुढच्या आठवड्यात काही लागलंच नाही. इतकी वर्षं मला वाटतंय, लाईट गेली म्हणून माझा शेवट हुकला."

"तुझा नाही हुकला," मी सांगितलं. "तो भाग तिथेच संपतो. पुढचा झालाच नाही."

त्याला खरंच वाटेना. "म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"ह्यांना माहीत आहे."

आम्ही दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पुढे वाकले. डावी मूठ गुडघ्यावर आपटत म्हणाले, "ती... ती..." चेहरा लाल झाला. "ती..."

"परत जाते," मी म्हटलं. "शिस्तीची बाई आहे, हुकूम आल्यावर जाणारच."

ह्यांनी जोरजोरात मान हलवली आणि शेजारचा पेला भिरकावला. पेला स्टीलचा, फुटला नाही. दिग्विजय उठून पेला उचलायला गेला तर हे रडायला लागले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "पेला फेकायचं काही कारण नव्हतं." मग मीच डाव्या हाताशी बसले. बराच वेळ. जे त्यांच्या आत अडकलंय ते बाहेर काढता येत नाही, आणि माझ्याशिवाय त्यांचं कुणाला कळत नाही, म्हणून मी बोलते. बोलू नको तर काय करू?


गुरुवार, १३ ऑगस्ट

शहरात स्वाइन फ्लू. शाळा बंद, थिएटरं बंद. कोथरूडच्या रस्त्यावर माणसं तोंडाला रुमाल बांधून चोरांसारखी हिंडतात. प्रियदर्शनी येत नाही. तिने यायचंही नाही, ह्यांच्या छातीला काही झालं तर परवडणार नाही.

तनयाने 'मी येऊ का' विचारलं. म्हटलं, विमानतळावरून जंतू घेऊन यायची गरज नाही. मग फोन ठेवल्यावर वाटलं, आली असती तर बरं झालं असतं. पण आता परत फोन कोण करणार.

बुधवारचा भाग पाहिला नाही. ह्यांनीच पडद्याकडे पाठ केली. पाच आठवड्यांत काही वाक्यं म्हणून दाखवली, पण सगळी खलाशांची. स्वतःचं एकही नाही. ज्याने दुसऱ्यांच्या तोंडी इतकं घातलं, त्याला 'मीठ दे' म्हणता येत नाही.

मी हे त्यांच्यासाठी करते आहे की लोक वाट बघतात म्हणून? खरं सांगायचं तर लोक वाट बघतात ते मला आवडतं. दोन्ही असेल.


सोमवार, २४ ऑगस्ट

गणपती काल बसले. आज दुपारी चहा दिला आणि मी नेटवरचे अभिप्राय त्यांना वाचून दाखवत बसले. शिकागोहून एक बाई लिहिते, तिच्या मुलीने मराठीत विचारलेला पहिला प्रश्न 'मुक्ता परत गेली का' हा होता. मी वाचतच होते.

"अगं," हे म्हणाले.

"काय?"

खूप वेळ गेला. मी जिभेवर दात ठेवून बसले. अक्षरशः.

"चहा... गार."

पडद्यावर काही चालू नव्हतं. हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मी चहा गरम केला नाही. आधी तनयाला फोन केला, मग प्रियदर्शनीला, मग दिग्विजयला. तिघांनाही तेच सांगितलं : चहा गार. आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता, तेव्हाही मी इतके फोन केले नव्हते.


रविवार, २० सप्टेंबर

दिग्विजयच्या डोक्यात आलंय की सगळ्यांनी एकत्र बसून शेवटचा भाग पाहायचा. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळच्या वेळी. प्रोजेक्टर तो आणणार. मी सांगितलं, लोकांना तमाशा बघायचा असेल तर हे मिळणार नाहीत. आजारी माणूस आहे.

"काकू, काकांना विचारा ना."

मला सुचलंच नव्हतं. विचारलं. हे लगेच म्हणाले, "हो."

"लोक शेवट विचारतील."

"हो."

"तुम्हाला सांगता येणार नाही."

माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मीच उठून डाळ बघायला गेले.

त्याला आठ दिवस झाले. प्रियदर्शनी पुन्हा यायला लागलीय, आणि हे तिच्याबरोबर दार लावून बसतात. काय चालतं विचारलं तर ती म्हणते, "अभ्यास." मला आत घेत नाहीत.


सोमवार, १२ ऑक्टोबर

काल झालं. सगळं लिहिते.

मला वाटलं होतं वीस माणसं येतील. हॉल भरून लोक जिन्यात उभे होते. खराडी-हिंजवडीची मुलं, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्रांचे पट्टे तसेच. रविवारीही काढत नाहीत, काढले तर कोण आहोत ते विसरतील बहुधा. आमच्या वयाचेही बरेच. तनया न कळवता हजर झाली, त्याबद्दल तिला बोलले. शेड बांधणाऱ्यांपैकी श्यामसुंदर काठी टेकत आले आणि ह्यांच्या गळ्यात पडले.

ह्यांनी निळा झब्बा घातला होता. डाव्या हाताने भांगही स्वतः पाडला. थोडा वाकडा, पण मी हात लावला नाही.

भाग सुरू झाला. पुरणयंत्राची जाळी दिसली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. यंत्र माझं होतंच.

शेवटी संदेश येतो. 'परत या.' मुक्ता वाचते, वळते, अंधार. दिवे लागले. दिग्विजय माइक घेऊन उभा राहिला.

"काका, आम्ही सगळे हेच विचारायला आलोय. मुक्ता परत गेली का?"

ह्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मागे कुणीतरी खोकलं. मला ते बघवेना. मी उठले, माइकसाठी हात पुढे केला.

"मी सांगते. आगाशेंच्या मनात असं होतं की..."

"अगं."

मी थांबले.

"थांब," हे म्हणाले. "मी."

चारशे मुलींच्या शाळेत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी बसले. माइक दिग्विजयने त्यांच्या तोंडाशी धरला.

"परत... नाही," हे म्हणाले. श्वास घेतला. "उत्तर... पाठवते. मुक्ता." प्रियदर्शनी भिंतीपाशी उभी राहून ओठ घट्ट दाबून होती. तिलाही बोलायचं होतं, कळत होतं. "आम्ही... इथे... बरे आहोत."

मग काहीच नाही. इतका वेळ, की मला पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर दिसत होता आणि मी पदराने तोंड दाबून धरलं होतं.

"तुम्ही या," हे म्हणाले. आणि मग एकदम, न अडखळता : "येताना कळवून या."

आणि हॉल दणाणून गेला. लोक हसत होते, उभे राहून टाळ्या वाजवत होते, दिग्विजय बाहीने डोळे पुसत होता, तनया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकाच वेळी हसत आणि रडत होती. हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. कळवून यायला नको का? अवकाशस्थानक असलं म्हणून काय झालं?

पण मला फार अभिमान वाटला, हे इथे लिहायला हरकत नाही. तेवीस वर्षं ह्या माणसाने तो शेवट आत ठेवला, कुणी विचारलं नाही म्हणून कुरकुर केली नाही, आणि शब्दांनी साथ सोडल्यावर एकेक वेचून आणून भर सभेत मांडला. माझा नवरा आहे.

मग एका मुलीने विचारलं, "काका, ही मुक्ता तुम्हाला सापडली कुठे?"

ह्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला. तहान लागली असणार, इतकं बोलायची सवय राहिली नाही. मी बाटली घेऊन गेले आणि पाणी पाजलं, तर पुन्हा सगळा हॉल उभा राहून टाळ्या! माणसाला पाणी पाजल्याबद्दल टाळ्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. हे मात्र पाणी प्यायले, आणि माझा हात धरून ठेवला. सभेत. पूर्वी कधी केलं नसतं.


रविवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. तनया परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तुला खरंच कळलं नाही?" मी विचारलं काय, तर नुसती मिठी मारली. चालायचंच.

घरात नवीन काम सुरू आहे. न झालेला भाग हे सांगतात, मी टाइप करते. दिग्विजय आणि त्याची मित्रमंडळी तो वाचून रेकॉर्ड करणार आणि नेटवर घालणार. शिकागोच्या त्या मुलीला आधी पाठवायचा असं ह्यांनी ठरवलं आहे. दिवसाला चार-पाच वाक्यं होतात. एक शब्द यायला कधी कधी पूर्ण चहा संपतो. मी थांबते. अजून सोपं जात नाही, पण थांबते.

आज भांडण झालं. रीतसर, दोन्ही बाजूंनी. शहाऐंशीनंतर इतकं चांगलं झालं नव्हतं. प्रसंग असा : घाबरलेला खलाशी कप्तानाला विचारतो, तुम्हाला भीती वाटत नाही का? त्यावर मुक्ताचं वाक्य ह्यांनी सांगितलं, "भीती वाटायला... वेळ कुठे आहे? आधी... चहा घ्या."

मी टाइप करायचं थांबवलं. म्हटलं, "कप्तान असं बोलणार नाही. स्थानकावरचे दिवे जातायत आणि ही चहा काढते? जबाबदार बाई आहे ती."

"बोलते," हे म्हणाले.

"कुठे बोलली? मी सगळे भाग पाहिलेत, एकाही भागात नाही."

हे माझ्याकडे बघून हसले. तोंडाची उजवी बाजू अजून पूर्ण उचलत नाही, तरी पूर्वीसारखंच हसले.

"रोज... बोलते."

मी वाद घातला नाही, वाक्य ठेवलं. पण क्रियापदाचा काळ अजून चुकतो आहे. 'बोलायची' म्हणायचं तर 'बोलते' म्हणतात. मंगळवारी प्रियदर्शनी आली की तिच्या कानावर घालायला हवं.